सुरगाठ

एका गिऱ्हाइकाला सासूबाईंच्या पंचाहत्तरीला विणलेली शाल हवी होती. त्यांचं माहेर खिद्रापूर, म्हणून नक्षी कोपेश्वराच्या देवळाची. गिऱ्हाईक आमच्याच पेठेतलं. नक्षीचा कागद दाखवला, तर "चालतंय की, ताई" म्हणून ती मोकळी झाली. लोक कागद हातात घेतात आणि दर विचारतात, हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

तिथल्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. खालच्या गोल शिळेवर उभं राहून वर बघितलं की थेट आभाळ. एकूण ४८ खांब, अगदी आतल्या वर्तुळात १२. तेच टाक्यांत बसवायचं होतं. गोल शालीचा हिशोब विणकामातल्या एलिझाबेथ झिमरमन या बाईंचा: मध्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की घेर दुप्पट, म्हणून तिथं टाकेही दुप्पट, अधल्यामधल्या ओळींत वाढ नाही. एरवी ९ टाक्यांवर सुरुवात करतात. मी ३६ वर केली, म्हणजे मध्ये तीन बोटं जातील एवढं तोंड उघडं राहिलं. मग ७२ : बारा खांब, प्रत्येकी सहा टाके. पुढं १४४, २८८, ५७६. आणि ५७६ भागिले ४८, बरोबर १२! हे जमलं त्या रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं. "बरं" म्हणून तो कूस बदलून झोपला.

सुईवरून उतरलेली जाळी म्हणजे बोळा झालेलं फडकं. भिजवून, टॉवेलात दाबून, गादीवर ताणून पिना टोचल्या की मग ती उमलते. वाळताना लोकर ताण धरते. अ‍ॅक्रिलिक पिना काढल्या की पुन्हा गोळा होतं. म्हणून दुकानदारानं कितीही शपथा घेतल्या तरी मी धागा जाळून बघते. जळक्या केसांचा वास आणि चुरगळणारी राख, तर लोकर. टणक गोळी झाली तर माल परत. जुलैत वाळायला दोन दिवस गेले, तेही पंख्याखाली.

ती आली आणि पहिलं बोट घातलं ते मधल्या तोंडात.

"ताई, हे काय वो? भोक बुजवायचं राहिलं?"

"तोच तर स्वर्गमंडप."

"असंल. पण पंचाहत्तरीला फाटकी शाल घातली म्हणतील बायका."

माझ्या अंगात कोपेश्वर आला होता. पण सहा आठवड्यांची मजुरी अडकलेली. सुरुवातीच्या ३६ टाक्यांतून धागा ओवला आणि तिच्यासमोरच खेचला. शिलाहारांच्या कारागिरांनी १२व्या शतकात उघडं ठेवलेलं आभाळ मी तीन मिनिटांत मिटवलं. बाराही खांब चुण्या पडून एकमेकांवर कलले. "आता कसं छान दिसतंय," म्हणत तिनं पैसे मोजले.

तिचंही अगदीच चुकत नव्हतं म्हणा. गोल शाल दुमडून पांघरली की ते तोंड नेमकं मानेशी येतं, आणि गारठा तिथंच लागतो.

पण धाग्याला मी निरगाठ मारलेली नाही. सुरगाठ घालून टोक आतल्या बाजूला खुपसलंय, ओढलं की सुटेल. सासूबाईंना जाऊन सांगावं का, हे काही ठरत नाही. घर दोन गल्ल्या पलीकडंच आहे.