माशाचं भाडं

आमच्या वरच्या खोलीत दरवर्षी एक तरी लेकरू नीटच्या तयारीला येऊन राहतं. लातुरात ज्याच्या घराला वरचा मजला, त्याच्याकडे असं पोरगं असायचंच. यंदाचं अहमदपूरकडचं. पहाटे जिन्यात बसून मोठ्यानं पाठ करतं, त्यामुळे माझंही जीवशास्त्र बरं चाललंय.

परवा पाठ होता क्लाऊनफिश आणि समुद्रफुलाचा. ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं पहाटे पाचला समुद्र! समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, प्राणी. त्याच्या मऊ झुबक्यांत विषाच्या बारीक सुया. बारका मासा शिवला की लुळा पडतो. हा केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा मात्र तिथंच बिऱ्हाड करतो. अंगावरचा चिकट थर त्याला वाचवतो. तरी नवखा मासा बऱ्याचदा एकदम घुसत नाही. आधी शेपटी लावून बघतो, मागं सरतो, मग पोट टेकवतो, पुन्हा मागं. कधीकधी तासन्तास हेच.

मला आई आठवली. तिच्या जिभेलाही सुया आहेत. "लाईट कोण चालू ठिवला?" "रातच्याला दोन वाजता डोक्यावर काय नाचायलास रे?" जूनमध्ये नवं पोरगं चपला हातात घेऊन जिना उतरतं. दिवाळीपर्यंत तेच ओट्याला टेकून तिच्या हातचे धपाटे खात असतं. बोलणी चालूच असतात, लागत नाहीत इतकंच.

पुस्तक म्हणतं, फायदा माशाचाच. समुद्रफुलाला काही मिळत नाही. मला पटेना. मोबाईलवर वाचत बसलो. समुद्रफूल कुरतडायला येणाऱ्या माशांना हा हुसकावतो. याच्या अंगातून जो अमोनिया बाहेर पडतो, त्यावर समुद्रफुलाच्या पोटातलं शेवाळ पोसतं. रात्री हा झुबक्यांत वळवळत पाणी खेळतं ठेवतो, त्यानं प्राणवायू मिळतो. भाडंच की हे! (हे मासे सगळे नर म्हणूनच वाढतात, घरातली मादी मेली की तिचा जोडीदार नरच मादी होतो. हे मात्र आईला सांगितलं नाही.)

"मग काका, गोल कुठला काळा करू?"

"पुस्तकातला. चार मार्क आहेत, चुकला तर एक जातो वरून."

त्यानं मान हलवली, पण पेन्सिलीनं समासात काहीतरी खरडलं. तेवढ्यात खालून आई ओरडली, "नळ आलेत! वर कोण मेलंय का?"

मी चष्मा शोधेपर्यंत तो पाइप घेऊन बॅरलपाशी पोचलाही होता.