दोन हातांची खेळी

बुद्धिबळाचा पंच दिवसभर करतो काय, हे मला घरचेसुद्धा विचारतात. लोकांना वाटतं, शांत हॉलमध्ये हात मागे बांधून फिरायचं आणि मानधनाचं पाकीट घेऊन घरी जायचं. फिरतो हे खरं. पण त्याआधी भाड्यानं आणलेली डिजिटल घड्याळं लावायची, निम्म्यांचे सेल उतरलेले असतात ते बदलायचे आणि प्रत्येक घड्याळात पंधरा मिनिटं अधिक खेळीला पाच सेकंद असं हातानं भरायचं. मग जन्मदाखल्याची झेरॉक्स विसरलेले पालक, आणि ‘आमच्या पोराला पहिल्याच फेरीत एवढा तगडा प्रतिस्पर्धी का?’ म्हणून भांडणारे पालक. पेअरिंग, म्हणजे कुणी कुणाशी खेळायचं ते, सॉफ्टवेअर ठरवतं, मी करत नाही, हे मी आता सांगायचंच सोडून दिलंय.

माझी एक सवय मात्र सांगण्यासारखी आहे. प्रत्येक पटाशेजारी मी जादा वजीर ठेवतो, म्हणजे ठेवतोच. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की त्याच्या जागी ठेवायला वजीर हाताशी लागतो, आणि तेव्हा घड्याळावर सेकंद उरलेले असतात. २०१७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या डावात, एका खेळाडूला ऐन वेळी वजीर सापडेना, कारण तो प्रतिस्पर्ध्याच्या मुठीत होता. त्यानं हत्ती उलटा ठेवला आणि तोंडानं वजीर म्हटलं. पंचांनी घड्याळ थांबवून तो हत्तीच धरला. डाव गेला आणि अजिंक्यपदही गेलं. आमच्याकडच्या आयोजकांना हे सांगितलं की ते म्हणतात, ‘सर, वजिराचे पैसे वेगळे पडतात.’

तर ही स्पर्धा होती कोल्हापूरजवळच्या एका तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात. उद्घाटनाला जवळच्या तालमीतले एक जुने वस्ताद बोलावले होते. माइक हातात येताच ते म्हणाले, ‘घाम नाही, माती नाही, ह्याला खेळ म्हणायचं म्हणजे जरा अवघडच हाय. पण पोरं शांत बसल्यात, हेबी काय थोडं नव्हं.’ टाळ्या पडल्या. आयोजकांचे चेहरे पडले.

मला या वादाचा कंटाळा आलाय, पण तो टळत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं १९९९ साली फिडेला, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला, मान्यता दिली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आपल्याला बुद्धिबळाचं सांघिक सुवर्ण मिळालं. तरी दरवेळी कुणीतरी घाम काढतंच. ब्रिजचं, म्हणजे पत्त्यांच्या खेळाचं, तर आणखी गमतीचं. लंडनच्या हायकोर्टानं २०१५ मध्ये ब्रिजला खेळ न मानण्याचा तिथल्या क्रीडा संस्थेचा निर्णय उचलून धरला, कारण व्याख्येत शारीरिक हालचाल हवी. तीन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याच ब्रिजमध्ये साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार भारतासाठी सुवर्ण घेऊन आले. शर्यतीत धावणाऱ्यांच्या शेजारी त्यांच्याही गळ्यात पदक. उत्तेजक चाचण्या तर आमच्याकडेही आहेत. २००८ च्या ड्रेस्डेनच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये युक्रेनचे ग्रँडमास्टर वासिली इव्हान्चुक शेवटचा डाव हरले आणि रागाच्या भरात चाचणी न देताच निघून गेले, त्यावरून केवढा गहजब झाला होता.

पण बुद्धिबळात शरीर नाही असं म्हणणाऱ्यानं आमचं नियमांचं पुस्तक एकदा उघडावं. पानोपानी हातच हात आहेत. खेळी एकाच हातानं करायची. ज्या हातानं सोंगटी हलवली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं, करायचा तर आधी राजाला हात, हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या खेळीपुरता गेला. सोंगट्या पडल्या तर स्वतःच्या वेळेत उभ्या करायच्या. दोन हातांनी खेळी करून घड्याळ दाबलं की ती बेकायदा खेळी. रॅपिडमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या कमी वेळेच्या स्पर्धेत, पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा, दुसऱ्या वेळी डाव गेला.

पहिल्या फेरीआधी एक मुलगा वडिलांबरोबर माझ्या टेबलापाशी आला. सतरा-अठराचा असेल. सेरेब्रल पाल्सी. उजवा हात सतत थरथरतो, बोटं हवी तिथं थांबत नाहीत. डावा त्या मानानं बरा, पण नेमका धरता येत नाही. नियमात याची सोय आहे: खेळाडूला सोंगट्या हलवता येत नसतील तर पंचाला मान्य असलेला मदतनीस घेता येतो, घड्याळासाठीसुद्धा. मी ते सांगितलं. वडील लगेच म्हणाले, ‘मी बसतो शेजारी, हा सांगेल तशी हलवतो.’

मुलगा म्हणाला, ‘नको. तोंडी मी घरी खेळतोच की, पप्पा. मग इथं कशाला आलो?’

मी आग्रह केला नाही. कुणालाही मदतनीस घ्यायची सक्ती नसते.

पोरगा खेळायचा चांगला. हात दगा देतो म्हणून की काय, विचार आधी पूर्ण करायचा आणि मगच सोंगटीला हात घालायचा. आमच्या निम्म्या पोरांना हे वर्षानुवर्षं सांगून जमत नाही. प्रत्येक खेळीला त्याचे दोन-तीन सेकंद नुसते सोंगटी घरात बसवण्यात जायचे, म्हणजे वाढीव पाच सेकंदांतली निम्मी कमाई तिथंच. तरीही शेवटच्या फेरीपर्यंत तो वरच्या टेबलांजवळ येऊन पोहोचला होता.

शेवटच्या फेरीत त्याच्यासमोर एक निवृत्त एसटी कंडक्टर. या भागातल्या सगळ्या स्पर्धांना येतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. नियम त्यांना माझ्या सहायक पंचापेक्षा जास्त पाठ आहेत. सहायक पंच परीक्षा पास झालेला आहे, पण पटावरचा त्याचा अनुभव फार करून मोबाइलमधला.

डावाच्या मध्यावर मुलानं घोड्यानं उंट मारला. डाव्या हातानं उंट उचलला, उजव्यानं घोडा ठेवला आणि घड्याळ दाबलं. मी जवळच होतो. घड्याळ थांबवलं, काकांना दोन मिनिटं वाढवून दिली, पुढची चूक म्हणजे डाव, हे मुलाला समजावलं. तो म्हणाला, ‘बरोबर आहे सर.’ काका काहीच बोलले नाहीत.

शेवटाला मुलाचं प्यादं सातव्या ओळीत, त्याचा राजा सुरक्षित, काकांकडे हत्ती आणि दोन-तीन प्यादी. वजीर झाला की डाव जिंकल्यात जमा. मुलाच्या घड्याळावर सहा सेकंद. त्यानं उजव्या हातानं प्यादं पुढं ढकललं, ते आठव्या घरात आडवं झालं. बोटांनी ते उचलता येईना. तेवढ्यात डाव्या हातानं बाजूचा वजीर उचलून त्याच घरात टेकवला, उजव्यानं प्यादं एकदाचं बाहेर लोटलं आणि डाव्यानं घड्याळ दाबलं. दोन हात, एक खेळी, दुसऱ्यांदा.

अशा रॅपिड स्पर्धेसाठी नियम स्पष्ट आहे. पंचाला बेकायदा खेळी दिसली तर त्यानं कारवाई करायचीच, प्रतिस्पर्ध्यानं मागितली नाही तरी. फक्त एक अट: प्रतिस्पर्ध्याची पुढची खेळी व्हायच्या आत. ती झाली की विषय संपला.

माझा हात घड्याळाकडे निघाला होता. काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्याच क्षणी कडेचं एक निरुपयोगी प्यादं एक घर ढकलून घड्याळ दाबलं. मुद्दाम. आयुष्यभर फुल आणि हाफ तिकिटाचा हिशोब केलेला माणूस, नियमाची मुदत कुठं संपते हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मुलानं घड्याळ थांबवलं.

‘सर, मी दोन हात वापरले. तुम्ही बघितलं ना?’

‘बघितलं. पण यांची खेळी झाली. आता काही करता येत नाही, डाव पुढं चालू.’

तो काकांकडे वळला. ‘काका, नुरा खेळताय काय माझ्याशी?’

नुरा म्हणजे आधीच ठरवून लढलेली खोटी कुस्ती. कोल्हापूरच्या बाजूला हे बोलणं साधं नाही. काका लालबुंद झाले. ‘आरं बाळा, घड्याळ चालू कर आन् खेळ की! तुझा डाव हाय तो.’

‘माझा नाही. नियमानं गेला होता.’ त्यानं डावा हात पुढं केला. ‘मी सोडतो.’

पटावर वजीर उभा असताना. हरलेल्या स्थितीत तासभर बसून राहणारी माणसं मी खंडीभर पाहिली आहेत, जिंकलेला डाव सोडणारा पाहिला नव्हता. नियमात डाव सोडायला कारण लागत नाही. सोडला की तिथंच संपला. काका निकालाच्या चिठ्ठीवर सही करीनात. ‘मला नको हा पॉइंट.’ मी म्हटलं, पॉइंट नको म्हणायची सोय नाही. शेवटी त्यांनी सही केली, आणि त्या पॉइंटवर ज्येष्ठ गटाचं बक्षीसही त्यांनाच गेलं. पाकीट घेतलं, पण माझ्याशी बोलले नाहीत. वडिलांनी पोराला हॉलबाहेर नेऊन चांगलं झापलं, रेटिंग उतरणार म्हणून. ते आम्हाला आत ऐकू येत होतं.

वस्ताद समारोपापर्यंत थांबले होते. कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं. ते मुलाला शोधत गेले आणि त्याच्या पाठीवर असा काही हात मारला की बिचारा कळवळला. भाषण मात्र केलं नाही, याचे मला त्यांचे आभार मानायचे आहेत.

परतीच्या गाडीत सहायकानं वाद काढला. ‘सर, बुद्धिबळात हाताची परीक्षा असतेच कुठं? डोकं चालतंय ना? मग असल्या पोराला दोन हातांची मुभा आधीच द्यायची. नियमांच्या प्रस्तावनेतच लिहिलंय, नियमांत सगळे प्रसंग बसत नाहीत, पंचानं तारतम्य वापरावं.’ त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मदतनिसाची सोय त्याच विचारातून आली. पण त्या पोराला डोकं सिद्ध करायचं नव्हतं, ते त्यानं घरी बसूनही केलं असतं. त्याला समोरचा माणूस हवा होता, त्याला हरवायला धडपडणारा. काकांनी चांगुलपणानं नेमकं तेच काढून घेतलं. तसं म्हटलं तर काकाही निखळ खेळले, नियमाच्या आत राहून, सेकंदाचा हिशोब ठेवून. दोघांपैकी कोण खेळला आणि कोण नाही, हे मला ठरवता येत नाही.

पुढच्या स्पर्धेत तो आला तर सोंगटी मारताना आणि वजीर करताना दोन हात चालतील असं मी पहिल्या फेरीआधी सगळ्यांसमोर जाहीर करणार आहे. सहायक खूश झाला, मग जरा थांबून म्हणाला, ‘पण सर, मग त्याच्यासमोरच्यालाही दोन हात द्यायचे का?’ मी द्यायचे म्हटलं. तो म्हणाला, मग मुभा कसली? सांगलीचा बायपास येईपर्यंत आमचं हेच चाललं होतं, आणि फोनवर अजून चालू आहे.