बुद्धिबळाचं मराठी चॅनल काढलं, पैसे बँकेत अडकले: माझा अनुभव

चॅनल चालवण्यापेक्षा चॅनलचे पैसे बँकेतून सोडवणं अवघड आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी सांगलीचा, लहानपणापासून बुद्धिबळाच्या रेटिंग टुर्नामेंट (म्हणजे गुणांकनाच्या स्पर्धा) खेळतोय. प्रवास, एन्ट्री फी, लॉज हा खर्च बक्षिसातून कधीच निघत नाही म्हणून यूट्यूबवर मराठीतून लाइव्ह कमेंटरी सुरू केली. जुलै 2025 ला जॉर्जियातल्या बातुमीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला रॅपिड टायब्रेकमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जलद डावांत) हरवून महिलांचा वर्ल्डकप घेतला, त्या दिवशी चॅटमध्ये आज्या-मावश्यासुद्धा वजीर कुठे गेला म्हणून विचारत होत्या, तेव्हाच ठरवलं की हे सोडायचं नाही. जाहिरातींचे पैसे मिळायला यूट्यूबच्या 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास व्हिडिओ बघितले जाण्याच्या अटी यथावकाश पूर्ण झाल्या.

मग पहिला पेमेंट. 100 डॉलर पूर्ण झाले की पुढच्या महिन्यात 21 ते 26 तारखेच्या दरम्यान पैसे निघतात, तसे निघाले, आणि माझ्या बँकेच्या शाखेत येऊन बसले. काउंटरवरचे साहेब म्हणाले परदेशातून पैसे कशाचे? मी म्हटलं बुद्धिबळाच्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचे. म्हणाले, म्हणजे ऑनलाइन गेम, पैसे लावून खेळता का? अहो मी खेळत नाही, खेळ समजावून सांगतो! तरी फॉर्मवर पर्पज कोड (परदेशातून पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड) काय टाकायचा ते शाखेत कोणालाच माहीत नव्हतं, फाइल मुख्य शाखेत गेली, तिथून परत आली, मग सही जुळत नाही, मग पॅनची झेरॉक्स पुन्हा. प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून तीच गोष्ट सांगायची. लहानपणापासून ज्या खेळासाठी घाम गाळला त्याला जुगार समजलं जातं याचा राग मला अजून आहे.

शेवटी फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनाचं काम बघणाऱ्या एका मॅडमनी जाहिरातीचं उत्पन्न असं डिक्लेरेशन लिहून घेतलं आणि दोन दिवसात पैसे जमा. खात्यात आकडा दिसला तेव्हा आईला फोन केला, खूप बरं वाटलं.

तुम्ही असे पैसे सोडवायला बँकेत जाणार असाल तर पेमेंटची पावती, पॅन आणि चॅनलच्या पानाची प्रिंट पहिल्याच फेरीत न्या, आणि सरळ फॉरेक्सवाल्यांना भेटा. त्याआधी शाखेला स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड) आहे का विचारा, बऱ्याच छोट्या सहकारी बँकांना नसतो. खात्यावरचं नाव आणि गूगलच्या पेमेंट प्रोफाइलवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. कमाई 10 डॉलर झाली की पत्ता तपासायला गूगलचं पिनचं पत्र घरी येतं, सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा. अमेरिकेचा टॅक्स फॉर्मही तेव्हाच भरा, भारताच्या अमेरिकेबरोबरच्या कर-करारामुळे तिथल्या प्रेक्षकांच्या कमाईवर 15% कापतात, फॉर्मच नाही भरला तर जगभरच्या कमाईवर 24% पर्यंत जाऊ शकतात.

हो आणि लाइव्ह करताना आयोजकांचा व्हिडिओ उचलू नका, कॉपीराइटचा स्ट्राइक (यूट्यूबची ताकीद) येतो. चाली बघून आपल्याच बोर्डावर लावत जा, मी लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटचा बोर्ड ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतो, साधा लॅपटॉप पुरतो.