मत्स्यटाकीचे स्थलांतर
आज घर बदलताना सर्वाधिक काळजी होती ती आमच्या 60 लिटरच्या मत्स्यटाकीची. एक लिटर पाण्याचे वजन साधारण एक किलो भरते, त्यामुळे भरलेली टाकी उचलली तर काचेचे सांधे उकलण्याची भीती असते. म्हणून ती पूर्ण रिकामी केली. मासे टाकीच्याच पाण्यासह झाकणाच्या बादलीत ठेवले.

खरी जपणूक मात्र फिल्टरमधल्या स्पंजची करावी लागली, कारण माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यात वस्तीला असतात, आणि तो वाळला किंवा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतला गेला, तर ते मरतात व पाणी नितळ दिसत असतानाच माशांना विषबाधा होऊ लागते. तो भिजलेला स्पंज, टाकीचेच थोडे पाणी घातलेल्या डब्यात, मी प्रवासभर मांडीवर सांभाळला.

नव्या घरी क्लोरीन काढलेले, जवळपास त्याच तापमानाचे पाणी भरले आणि बादलीत ते थोडे थोडे मिसळत तासाभराने मासे सोडले. दिवा मुद्दाम बंद ठेवला आहे. सर्वांत लहान गप्पी अजून रोपाच्या मुळाशी कल्ले भराभर हलवत थांबली आहे. उद्या सकाळी अमोनिया तपासल्याशिवाय खाद्य देणार नाही.