तुम्ही विचारलेत म्हणून : सेव्ह केलेली फाइल जाते कुठे?

"काका, मी फाइल नक्की सेव्ह केली होती, पण आता ती दिसतच नाही, ती गेली कुठे?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीन वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातले माझे समवयस्क असतात, आणि मुलाने परदेशी जाताना मागे ठेवलेला लॅपटॉप वापरायला त्यांनी निवृत्तीनंतर सुरुवात केलेली असते. संगणकाचे रीतसर शिक्षण मीही घेतलेले नाही. बँकेच्या नोकरीत जेवढे अंगवळणी पडले, तेवढ्याच भांडवलावर हे उत्तर देत आहे.

फाइल आपण होऊन कुठेही जात नाही. सेव्ह करताना जी चौकट उघडते, तिच्या वरच्या पट्टीत फाइल कोठे ठेवली जाणार ती जागा लिहिलेली असते आणि खाली तिचे नाव असते. आपण या दोहोंपैकी काहीच न वाचता एंटर दाबतो, आणि मग संगणक ती फाइल त्याच्या नेहमीच्या जागी, म्हणजे बहुधा डॉक्युमेंट्समध्ये, ठेवून देतो. इंटरनेटवरून उतरवलेली वेऱ्याची, म्हणजे कराची, पावती मात्र डाउनलोड्समध्ये जाते. म्हणून हरवलेल्या फाइलचा शोध या दोन फोल्डरांपासून सुरू करावा आणि तेथे बदलाच्या तारखेच्या रकान्यावर टिचकी मारून ताज्या फाइली वर आणाव्यात. निम्म्याहून अधिक तक्रारी माझ्या अनुभवात येथेच मिटतात.

उरलेल्या तक्रारींचे मूळ नावात असते. वर्डमध्ये नवे पत्र प्रथमच सेव्ह करताना त्यातली पहिली ओळ नाव म्हणून सुचवली जाते, आणि आपली पत्रे तर सगळीच 'प्रति' या शब्दाने सुरू होतात. माझ्या एका स्नेह्यांनी सोसायटीला, बँकेला आणि विमा कंपनीला लिहिलेली तिन्ही पत्रे 'प्रति' या एकाच नावाने ठेवण्याचा प्रयत्न केला होता. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असे संगणकाने विचारले तेव्हा त्यांनी सौजन्याने होकार दिला, तोही दोनदा. अशा वेळी जुने पत्र खरोखरच नाहीसे होते. पुसलेल्या फाइली जेथे साठतात त्या रिसायकल बिनमध्येही ते जात नाही. पेन ड्राइव्हवरून पुसलेल्या फाइलीही त्या बिनमध्ये सापडत नाहीत, हेही येथेच सांगून ठेवतो.

नाव देताना तारीख आधी लिहावी आणि तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, उदाहरणार्थ '२०२४-०४-१२ वेरा पावती'. असे केल्याने फाइली नावानुसार लावल्या तरी काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर एप्रिलची १२ तारीख आणि नोव्हेंबरची १२ तारीख शेजारी येऊन बसतात. आकडे इंग्रजी घ्यावेत की देवनागरी, हा आवडीचा प्रश्न आहे, पण दोहोंची सरमिसळ करू नये. तारखेत तिरकी रेघ मात्र चालत नाही, कारण विंडोजमध्ये नऊ चिन्हे फाइलच्या नावात वर्ज्य आहेत आणि तिरकी रेघ त्यांपैकी एक आहे.

फोल्डर थोडे असावेत. माझ्याकडे घर, बँक, औषधपाणी, फोटो आणि मंडळ असे पाचच आहेत. प्रत्येक विषयाचा वेगळा फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, असा मांड मांडण्याचा उत्साह पहिल्या आठवड्यात फार असतो. पुढे विजेचे बिल 'घर'मध्ये ठेवले की 'बिले'मध्ये, हे आठवण्यातच वेळ जातो.

आता शॉर्टकटविषयी, म्हणजे दुसरीकडे ठेवलेली फाइल उघडून देणाऱ्या चित्राविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे मी स्वतः फसलो आहे. उदाहरण ग्रंथालयाचे घेतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले आणि तेव्हापासून येथल्या ग्रंथालयांना शिस्त लागली. ज्यांनी आमच्या मध्यवर्ती ग्रंथालयात कार्डांचे खण चाळले आहेत, त्यांना हे लगेच समजेल की पुस्तक एकाच फडताळात असते, पण त्याकडे नेणारी कार्डे लेखकाच्या नावाने एक आणि विषयाने दुसरे, अशी अनेक असू शकतात. शॉर्टकट हे असे कार्ड आहे. ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण दिसतो ते कार्ड असते. ते पुसले तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही आणि ते उचलून नेले तर पुस्तक जागच्या जागीच राहते.

मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर छापखान्यात द्यायचा होता तेव्हा मी डेस्कटॉपवरचे असेच एक चित्र पेन ड्राइव्हवर घेतले आणि, मी बँकेतला माणूस असल्याने, निघण्यापूर्वी ते उघडून खातरजमाही केली. स्मरणिका व्यवस्थित उघडली. छापखान्यात मात्र काहीच उघडेना आणि भर दुपारी मला घरी परत यावे लागले. घरी ती उघडली याचे कारण इतकेच की कार्ड ज्या फडताळाकडे बोट दाखवत होते ते फडताळ त्याच संगणकात होते. म्हणून पेन ड्राइव्हवर घेतलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, आणि दुसरा संगणक हाताशी नसेल तर तिच्यावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये आकार तरी वाचावा. फोटोंनी भरलेली स्मरणिका अनेक मेगाबाइटची असते, शॉर्टकट अवघ्या काही किलोबाइटचा.