मामांचं पिस्तूल: ठसे सापडले, दंतकथा गेली

मामांकडून आलेलं जुनं पिस्तूल कुठलं, कधीचं आणि किती मोलाचं, हे शोधायचं काम या वेळी बरंच पुढे सरकलं. आधी बार भरलेला नाही ना, ते पाहिलं. नळीत बारीक काडी तळापर्यंत घातली, तोंडापाशी खूण केली आणि तीच काडी बाहेरून नळीला लावली. टोक निपलच्या (ठिणगी आत दारूपर्यंत नेणाऱ्या पोकळ खुंटीच्या) अगदी जवळ पोचलं, म्हणजे आत काही नाही. काळी दारू शंभर-दीडशे वर्षं पडून राहिली तरी पेट घेऊ शकते; ही खात्री होईपर्यंत स्क्रूड्रायव्हर लांबच ठेवावा.

मग खरी मजा. ही नळी आट्यांवर फिरवून निघते. तेल मुरू दिल्यावर ती सुटली आणि बुडाशी भिंगाखाली एक लंबगोल दिसला. आत ई, एल, जी ही रोमन अक्षरं, खाली इवलासा तारा: बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा, म्हणजे बंदुकांच्या नळ्या तपासून पास करणाऱ्या संस्थेचा ठसा. लंबगोलावर मुकुट नाही, म्हणजे 1893 च्या आधीचा. शेजारी तपासनिसाचं अक्षर, त्याच्या डोक्यावर मात्र मुकुट. ही पद्धत 1853 ते 1877 ची, पुढे मुकुटाच्या जागी तारा आला. दोन ठशांनी काळ पाव शतकात आणून बसवला!

कारागिराचं नाव नाही, पण लिएजच्या मालात ते नेहमीचंच.

घरात सांगतात, खापरपणजोबांनी हे लढाईत चालवलं. घोडा (निपलवर आपटणारा भाग) चढवला की चाप पोटातून खाली येतो, एरवी आत दडलेला. खिशात अडकू नये म्हणून ही सोय. एक बार उडाला की नळी काढून पुन्हा भरायची. असलं पिस्तूल लढाईत कोण नेईल? हे प्रवासात जवळ बाळगायचं.

किमतीच्या बाबतीत फार आशा नाही. अशी पिस्तुलं ढिगाने बनली. नळीवर आणि सांगाड्यावर जुळणीचा आकडा एकच आहे, म्हणजे दोन्ही भाग मुळात एकाच पिस्तुलाचे, ही जमेची बाजू. पण घोड्याच्या स्क्रूची खाच कुणीतरी चेचलीय आणि घोड्याचा रंग बाकी लोखंडाशी जुळत नाही, बहुधा बदललेला असावा. विक्रेते सांगतात ते आकडे मी धरत नाही, लिलावात प्रत्यक्ष सुटलेले भाव तेवढे टिपतोय. तोवर पॉलिशला सक्त मनाई. तपकिरी झाक एकदा घासली गेली की संग्राहक हात आखडतो.

आता निपल मूळची आहे का, ते तपासायचंय. आटे गंजलेत, त्यामुळे घाई नाही.