बाई, एवढं कळतं तर मग धरत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बाजारात विचारता, एसटीत विचारता, लग्नाच्या पंगतीत पान वाढलेलं असताना विचारता, की बाई, तुम्हाला सापांचं एवढं कळतं, रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन परसात बेडूक बघत फिरता, मग साप निघाला की धरत का नाही? इतके दिवस "नाही जमत हो" म्हणून विषय बदलत आले. ते खरं उत्तर नाही, आणि आता विषय बदलायचाही कंटाळा आलाय.

पहिलं म्हणजे बघणं ही धरण्याच्या आधीची पायरी नाही. पक्षी बघणाऱ्याला कोणी विचारत नाही की मग जाळं का नाही लावत. मला बघायचंच असतं. पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी कपाळाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरून दगडी गडग्याच्या कडेने चाललं की गवतात बेडकांचे डोळे चमकायला लागतात, तीच बॅटरी कमरेजवळ धरा, काही दिसत नाही. मळ्यात पाणी साचलं की मोठे बेडूक, नर, पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात आणि असा आवाज लावतात की घरात बोललेलं ऐकू येत नाही. त्याच रात्री गोणी घेऊन बेडूक धरणारेही मळ्यात उतरलेले असतात, कायद्याने बंदी आहे तरी, आणि त्यांना कोणी विचारत नाही का धरता म्हणून. जास्वंदीच्या शेंड्याला हरणटोळ साप झोपलेला सापडतो. आंबोलीला पावसात चापडा, हा विषारी साप, दिवसेंदिवस एकाच झुडपावर बसून असतो, भक्ष्य येईल तेव्हा येईल, आणि परत गेलं की तिथेच दिसतो, पण हे कधी? आधी कोणी त्याला काठीने हलवून फोटो काढले नसतील तर.

दुसरं, धरून नेल्याने होतं काय? तुमच्या परसात उंदीर आहेत, नारळाच्या झावळांचा ढीग आहे, लाकडं रचलेली आहेत, म्हणून धामण येते. ही नेली तर जागा रिकामी होते, दुसरी येते. आणि नेलेली तिकडे अनोळखी रानात बिळ शोधत भटकत राहते. धामणीला विष नाही, ती गाईचं दूध पीत नाही, हे शाळेत सांगून माझा घसा बसलाय. वाट मोकळी ठेवा, लांबून नजर ठेवा, बहुतेक वेळा जाते आपली आपण. आणि मारून संपतात म्हणाल तर इंग्रजांच्या काळात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात (आपला सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता) फुरशाच्या डोक्यामागे बक्षीस होतं, लाखांनी फुरसी मारली लोकांनी. संपली? कातळावर दगड उलटून बघा. हाताने नको, काठीने.

शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय साप धरणं गुन्हा आहे. हे सांगितलं की तुम्ही हसता. हसा.

पण खरं कारण हेही नाही, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पलीकडच्या वाडीतला एक पोरगा होता, माझाच विद्यार्थी. नाव सांगणार नाही, आमच्याकडच्यांना माहीत आहे. सातवीत असताना मी फळ्यावर चार विषारी सापांची चित्रं काढली होती, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, ती त्याने वहीत इतकी सुरेख उतरवली की वही मी ठेवून घेतली. मोठा झाला, साप धरायला लागला. परवानगीचा कागद काढला, लोखंडी हुक घेतला, पाईप जोडलेली पिशवी शिवून घेतली, आणि खरंच चांगला धरायचा, घाई नाही, शेपटी ओढणं नाही. रात्री फोटो पाठवायचा, बाई हा कवड्या की मण्यार? मी सांगायचे पट्टे बघ, बिनविषारी कवड्याचे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे शेपटीकडे ठळक. तो म्हणायचा ठावक आसा बाई, तरी विचारतंय. मग गर्दी वाढत गेली. साप निघाला की अर्धी वाडी जमते, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कोणीतरी म्हणतं फणा काढायला लाव, कोणी म्हणतं पोरांना दाखव जरा, हात लावू दे. तो नाही म्हणायचा, मग कमी वेळा नाही म्हणायला लागला.

जूनमध्ये एका दुकानाच्या मागे नाग निघाला. त्याने धरला, पिशवीत घातला, मला फोटो पाठवला, बाई बघा केवढो आसा. मी लिहिलं, सुंदर आहे, सांभाळून सोड. त्यानंतर कोणीतरी उशिरा आलं, त्याला बघायचं राहिलं होतं. पिशवी पुन्हा उघडली. अंगठ्याला चावला. तिथे असलेल्यांनी नंतर सांगितलं की तो काही बोललाच नाही, हात धुतला, पिशवी बांधली, नाग कधी कधी विष न सोडता चावतो तसं असेल म्हणाला आणि आधी साप सोडायला निघाला, मोटरसायकलवर. वाटेत पापण्या मिटायला लागल्या तेव्हा मागे बसलेल्याला कळलं. सरकारी दवाखान्यात लस दिली, सगळं केलं त्यांनी, पण नागाच्या विषाने श्वासाचे स्नायूच थांबतात, त्याला तोपर्यंत बोलताही येत नव्हतं. गोव्याला नेताना वाटेतच गेला. तो फोटो माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे, खाली माझं "सुंदर आहे".

बाराव्याला मी गेले होते. जेवून हात धुताना एकाने मला विचारलं, आता आपल्याकडे धरणारा कोणी राहिला नाही, बाई, तुम्हीच सुरू करा ना, तुम्हाला कळतं. त्याच्या घरात, त्याच्या बाराव्याला. तुम्ही विचारता तेव्हा मला दर वेळी तो माणूस आठवतो, आणि मी तुटक बोलते ती म्हणून.

रात्री कधी कधी माझं माझ्याशीच भांडण होतं. शाळेत "साप शेतकऱ्याचा मित्र" म्हणून शिकवणारी ती बाई मला म्हणते, तू ती चित्रं काढली नसतीस तर हा पोरगा साप धरणारा झाला नसता, मारणारा झाला असता, त्याने शेकडो जीव वाचवले ते मोजत नाहीस का? मी म्हणते, मोजते. पण त्याच्या आईसमोर ते कसं मोजायचं ते सांग. ती गप्प बसत नाही, मीही नाही.

आणि आता जे तुम्ही विचारत नाही पण विचारायला हवं ते. गेल्या पावसात शेजारच्या सुनेची हाक आली, बाई, घरात जनावर इला. बाळ जमिनीवर गोधडीत झोपलेलं आणि भिंतीकडेला मण्यार. तिथे मी वाट मोकळी ठेवा म्हटलं नाही. मण्यार झोपेतल्या माणसाला चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही फारसं, सकाळपर्यंत उशीर झालेला असतो. बाळाला उचलून बाहेर काढलं, दार लावलं, फटीत चादर कोंबली आणि तालुक्याच्या गावातल्या एका मुलाला फोन केला. तो आला, मी खिडकीतून बॅटरी धरली, त्याने मण्यार धरली. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. अंगणात जमलेल्यांनी मोबाईल काढले तेव्हा मी ओरडून सगळ्यांना फाटकाबाहेर घालवलं, दोघांनी तर अजून बोलणं टाकलंय.

म्हणजे मी धरत नाही ते दुसरं कोणीतरी धरतं म्हणून चालतं, हे मला दिसतं. फोटो पाठवा, कधीही, ओळखून सांगेन. नंबर देईन, येऊन उभी राहीन, गर्दी हटवेन. हात लावणार नाही. त्या रात्री त्या मुलाने फोन उचलला नसता तर काय केलं असतं, हेही विचारा हवं तर, पण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.